बेकारीवर काही घरगुती उपाय

ठाण्यात राहून बेकार राहणे आता फार अवघड झाले आहे. इतके उपाय हाताशी असताना ज्यांना ते अजूनही जमते, त्यांनी आपले नेमके कुठे चुकते हे शांतपणे तपासून पाहावे. त्या कामी थोडी मदत व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच. माझा अधिकार एवढाच की वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे टाइमकीपर होतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत, आणि तिथल्या एका गेटवर बसून कार्डे पंच होताना पाहणे, दहा मिनिटे उशीर झाला की लाल शाईने खूण करणे आणि तीन खुणांचा अर्धा खाडा धरणे, यात माझे आयुष्य गेले. माणूस आठ तास यंत्रापाशी उभा राहिला म्हणजे त्याचा एक दिवस भरला, अशी माझी बाळबोध समजूत होती. निवृत्तीनंतर श्रमशक्तीचे सरकारी अहवाल वाचू लागलो, तेव्हा कळले की मी लोकांच्या शिव्या उगाच खाल्ल्या.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून श्रमशक्तीचे नियतकालिक सर्वेक्षण करते. त्यात एक मोजणी आठवड्याची असते. गेल्या सात दिवसांत, कोणत्याही एका दिवशी, निदान एक तास ज्याने काम केले तो रोजगारात. माझ्या खिडकीशी कुणी तासाभरासाठी आला असता तर मी त्याला वॉचमनकरवी बाहेर काढले असते. दुसरी मोजणी वर्षाची. तिच्यात वर्षभरात साधारण तीस दिवसांचे काम दाखवता आले तरी पुरते. याच वार्षिक मोजणीने देशातली बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होती आणि २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली. आता न्यायाने बोलायचे तर एका तासाची ही व्याख्या कुणा मंत्र्याने खिशातून काढलेली नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचीही मोजणी तशीच आहे, आणि मोजणाऱ्याला कुठे तरी रेघ ओढावीच लागते. माझे म्हणणे रेघेबद्दल नाहीच. रेघेवर जेमतेम अंगठा टेकलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालून त्याचा फोटो काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा लाभ वाचकांनी कसा घ्यावा, एवढेच मला सांगायचे आहे.

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे: नोकरी शोधणे थांबवावे. सर्वेक्षणाच्या भाषेत बेरोजगार कोण, तर ज्याला काम नाही आणि जो ते शोधतो आहे किंवा करायला तयार आहे. जो शोधत नाही आणि तयारही नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर गेला. त्याचा भार टक्क्यावर पडत नाही. ज्या तरुणांनी रबाळे आणि घणसोली स्टेशनांबाहेर बायोडेटाच्या झेरॉक्स घेऊन चपला झिजवल्या, त्यांनी राष्ट्राचा आकडा विनाकारण बिघडवला, हे त्यांना कुणी तरी समजावून सांगायला हवे. घरी पडून राहिले असते तर चपलाही वाचल्या असत्या.

दुसरा उपाय घरातल्या स्त्रियांसाठी आहे आणि तो पिठाशी संबंधित आहे. आमच्या कळव्यातल्या चाळीत एक सासूबाई पोळीभाजी केंद्र चालवतात. सकाळी सहा वाजता सून परातीशी बसते आणि नऊपर्यंत दीडशे पोळ्या लाटून उठते. तिचा उजवा अंगठा कायम सुजलेला असतो. या पोळ्या कंपन्यांच्या डब्यात जातात. नऊनंतर ती घरच्यांसाठी पोळ्या लाटते. पीठ तेच, लाटणे तेच, अंगठाही तोच. परंतु पहिल्या दीडशे पोळ्यांपुरती ती रोजगारात आहे आणि पुढच्या वीस पोळ्यांपुरती नाही. सासूबाई तिला पगार देत नाहीत, हा प्रश्न गौण आहे, कारण घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारीही कामकरी म्हणूनच मोजली जाते. देशातल्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, आणि त्या चढणीत स्वयंरोजगाराचा आणि अशा बिनपगारी मदतीचा वाटा मोठा आहे. तेव्हा आपल्या सुनेला नोकरी नसेल तर निराश होऊ नये. घराबाहेर फक्त एक पाटी लावावी.

तिसरा उपाय नोंदणी. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड असे. ते दर काही वर्षांनी नवे करून घ्यायला माणूस म्हातारा होईपर्यंत रांगेत उभा राही. १९५९ च्या ज्या कायद्यावर हे सारे उभे होते, त्यात आस्थापनांनी रिकाम्या जागा कळवाव्यात असे बंधन होते. त्या जागा एक्स्चेंजच्या यादीतूनच भराव्यात असे मात्र नव्हते. ही तरतूद मला फार मानवी वाटते. लग्नाचे आमंत्रण द्यायचे, जेवायला वाढलेच पाहिजे असे नाही. आता त्या कार्यालयाचे नाव कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे झाले असून नोंदणी घरबसल्या पोर्टलवर होते, म्हणजे रांगेचाही रोजगार गेला. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम हे पोर्टल आले आणि त्यावर तीस कोटींहून अधिक नोंदी झाल्या. प्रत्येकाला बारा आकडी क्रमांक मिळतो. तो पाठ करावा.

नोंदणीनंतर प्रशिक्षण येते. येथे मी माझ्या भाच्याचे उदाहरण देतो, कारण तो माझ्याच घरी राहतो आणि त्याच्याबद्दल मला खात्रीने बोलता येते. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. लोकांनी तिला लगोलग ‘लाडका भाऊ’ म्हणायला सुरुवात केली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये, वय अठरा ते पस्तीस. भाचा वाणिज्य पदवीधर, म्हणून दहा हजारांत बसला आणि एका सरकारी कार्यालयात रुजू झाला. पहिल्या आठवड्यात त्याला फायलीला लाल फीत बांधण्याचे कौशल्य मिळाले. दुसऱ्या महिन्यापर्यंत आवक-जावक रजिस्टर, टपालावरचे शिक्के, आणि साहेब जागेवर नसताना ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’ हे वाक्य न अडखळता म्हणणे, एवढे विषय पूर्ण झाले. विद्यावेतन तीन महिने आलेच नाही. मग एकदम आले आणि त्यातून त्याने माझे प्रवासाचे पैसे फेडले. योजना सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांची झाली. बाराव्या महिन्याची सोय योजनेत नव्हती. शेवटच्या दिवशी त्याने नव्या प्रशिक्षणार्थ्याला फीत कशी बांधायची हे दाखवले आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आला. ते मी फ्रेम करून घेतले आहे. काचेचे दीडशे रुपये पडले, पण त्या निमित्ताने फ्रेमवाल्याला तासाभराचे काम मिळाले, म्हणजे त्याचा आठवडा सुटला.

ज्यांची वये एकवीस ते चोवीसमध्ये बसतात त्यांनी प्रधानमंत्री इंटर्नशिपकडे वळावे. तिथे मोठ्या कंपन्यांत बारा महिने काढता येतात आणि महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. ठाणे किंवा नवी मुंबईत पाच हजारांत महिना काढणे हेच मुळात असे कौशल्य आहे की त्याचे वेगळे प्रमाणपत्र द्यायला हवे. आणि खरोखरच पहिली नोकरी लागली, तर १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या विकसित भारत रोजगार योजनेत पंधरा हजारांपर्यंत प्रोत्साहन दोन हप्त्यांत मिळते: पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिने टिकल्यावर आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. मालकालाही प्रत्येक वाढीव माणसामागे महिना तीन हजारांपर्यंत मिळतात. अट फक्त एकच की आधी नोकरी लागली पाहिजे, आणि ती लावण्याची योजना हीच आहे.

मधेच एक जुनी गोष्ट सांगतो. फेब्रुवारीच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे दोनशेऐवजी तीनशे रुपये कापले की कारखान्यातले लोक माझ्या खिडकीशी येऊन भांडत. त्यांना मी सांगत असे की हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि त्यात मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता असे वचन होते. पुढे २००५ मध्ये दिल्लीने शंभर दिवसांपुरता तोच धडा गिरवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याने शंभराचे सव्वाशे केले. हे मी अजिबात उपरोधाने लिहीत नाही. या राज्याने केलेल्या मोजक्या थोर गोष्टींत मी तिची गणना करतो. फक्त ती ग्रामीण भागासाठी आहे. आमचा कारखाना बंद पडला तेव्हा ज्या दोनशे माणसांनी वर्षाला अडीच हजार रुपये गावाकडच्या हमीसाठी भरले होते, त्यांना ठाण्यात मागायला काहीच नव्हते. त्यांनी गाव गाठून मागणी अर्ज भरावा, असा सल्ला मी त्यांना तेव्हा दिला होता. एकाने मला त्याच्या लाल खुणांची आठवण करून दिली.

गावात हमी आहे आणि तरीही माणसे आमच्या नाक्यावर येऊन उभी राहतात, हेही मला बरेच दिवस उमजत नव्हते. सकाळी आठला रंगारी रोलरच्या काठीला पिशवी अडकवून कठड्यावर बसतात, मिस्त्री थापी आणि ओळंबा समोर मांडतात, बिगारी बायका घमेले पालथे घालून त्यावर बसतात. गाडी थांबली की दहा जण धावतात. साडेदहा वाजता जे उरतात ते त्या दिवशी उरलेच. तरी अकरापर्यंत कुणी उठत नाही, कारण उठणे म्हणजे खाडा कबूल करणे. या मंडळींसाठी बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे, बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो, नोंदणीनंतर पेटी मिळते, भांड्यांचा संच मिळतो. नोंदणीसाठी गेल्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो रोज निराळ्या ठेकेदाराच्या टेम्पोत बसतो त्याने तो कुणाकडून आणावा, असा क्षुद्र प्रश्न एका रंगाऱ्याने मला विचारला. मी त्याला सांगितले की प्रत्येक ठेकेदाराकडून एका दिवसाचा घ्यावा. नव्वद दाखले जमले की एकत्र टाचावेत. तो म्हणाला, “काका, नाव पुसत नाही तो, दाखला काय देतोय.” नाव नसलेल्या माणसानेही दिवसभरात दोन खोल्यांना प्रायमर मारलेला असतो, आणि ते काम सर्वेक्षणाला पुरते, हे मी त्याला पटवून देत असतानाच गाडी थांबली आणि तो धावला.

शिकलेल्या वाचकांना नाका पसंत पडणार नाही. त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एकदा फेरी मारावी. जिथे रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्या काहींत तर माणसांऐवजी संगणकांच्या रांगा राहतात. डेटा सेंटर ही वास्तू मला टाइमकीपर म्हणून आदर्श वाटते. आतला एकही कामगार उशिरा येत नाही, कुणी खाडा करत नाही, आणि वातानुकूलनही त्यांच्याचसाठी असते; गेटवर मात्र एक सुरक्षारक्षक बारा तास उन्हात उभा असतो. तो आमच्याच कारखान्यातला फिटर निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. पुढे पनवेलच्या बाजूला विमानतळ आहेच. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० साली आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांच्या हक्कासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हापासून त्या गावांतली पोरे ‘विमानतळ होऊ दे, मग बघ’ हे ऐकत मोठी झाली. २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आता बघायचे दिवस आले आहेत, आणि गच्चीवरून विमाने फार सुंदर दिसतात.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडक्यात. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक, आणि खुल्या वर्गाला शुल्क हजार रुपये. यावरून भरती ही शासनाने रोजगार देण्याची रीत आहे की बेरोजगारांनी शासनाला हातभार लावण्याची, हा हिशेब वाचकांनी फावल्या वेळात करावा, वेळ आहेच.

गेल्या महिन्यात सर्वेक्षणाचा मुलगा टॅबलेट घेऊन आमच्या घरी आला. भाच्याला त्याने गेल्या सात दिवसांचा दिवसवार हिशेब विचारला. भाच्याने मंगळवारी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा कॅमेरा सुरू करून दिला होता, तीनशे रुपयांत, तासाभरात. झाले. तासांचीही नोंद झाली, ती मी वाकून पाहिली, कारण जुनी सवय. तेव्हा सर्वेक्षणवाले तास लिहीत नाहीत असे कुणी म्हणू नये. तास अहवालाच्या आतल्या पानांवर जातात आणि टक्का वर्तमानपत्रात येतो. चहा पिताना भाच्याने हळूच विचारले, “तुमच्याकडे भरती कशी होते?” तो म्हणाला, “मी कंत्राटावर आहे, दादा. मार्चपर्यंत. जाहिरात सुटली की सांगतो.” भाच्याने त्याचा नंबर घेतला.

एका घरी ते चार वेळा येतात. पुढची भेट जवळ आली आहे आणि मेडिकलवाल्याचा कॅमेरा व्यवस्थित चालू आहे. कळवा, विटावा किंवा खारेगाव परिसरात कुणाचा पंखा, नळ किंवा वायफाय त्या आठवड्यात बिघडण्यासारखे असल्यास कृपया आधी कळवावे. काम तासाभराचे असले तरी चालेल. अर्ध्या तासाचे नको.