वेळेचे खोटे आकडे छापणे बंद करा

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या खोक्यावर भात ५ मिनिटांत आणि राजमा ३० मिनिटांत होईल असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्यावर विसंबून सकाळच्या डब्याची वेळ ठरवणाऱ्याची रोज धावपळ होते. याचे कारण असे की छापलेला आकडा फक्त कुकरमध्ये दाब तयार झाल्यानंतरचा असतो. भांडे तापून दाब तयार होईपर्यंतचा वेळ त्यात धरलेला नसतो आणि शिजून झाल्यावर वाफ उतरून झाकण उघडता येईपर्यंतचा वेळही धरलेला नसतो. हे सगळे माहितीपुस्तिकेच्या कुठल्या तरी पानावर बारीक अक्षरांत दिलेले असते, म्हणजे कंपनीला ते पक्के ठाऊक असते, आणि तरीही खोक्यावर छापायला तिने नेमका अर्धवट आकडा निवडलेला असतो. याला मी फसवणूकच म्हणते.

हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. ६ लिटरचा कुकर साधारण १००० वॅटचा असतो. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून ११५ अंशांवर न्यायचे, तर उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही असे धरूनसुद्धा बारा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि प्रत्यक्षात आतले स्टीलचे भांडे, झाकण आणि भिजवलेला राजमाही तापायचा असतो. त्यावर शिजण्याची ३० मिनिटे आणि वाफ उतरण्याची आणखी पंधरा-वीस मिनिटे धरली की तासाचा हिशेब सहज पूर्ण होतो. त्यातला पहिला टप्पा तर अगदी आंधळा असतो, कारण आमच्या कुकरच्या पडद्यावर त्या वेळात नुसते ‘ऑन’ दिसते. किती वेळ उरला आहे हे यंत्र सांगत नाही आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने अंदाज कशावरून बांधायचा हेही कोणी सांगत नाही. घाई असेल तर वाफ हाताने सोडा, असा सल्ला दिला जातो. वरण शिजत असताना तो पाळून बघावा: डाळीचा पिवळा फेस वाफेबरोबर झडपेतून उसळतो, टाइल्सवर, मिक्सरवर आणि वरच्या कपाटाच्या दारावर हळदीचे शिंतोडे उडतात, आणि झडपेत अडकलेला डाळीचा चिकटा पुढे टाचणीने कोरून काढावा लागतो. फेस येणाऱ्या पदार्थांची वाफ एकदम सोडू नये, असे त्याच पुस्तिकेत लिहिलेले असते. मग डाळ-भात रोज करणाऱ्या घराला या घाईच्या सोयीचा उपयोग काय?

दाबाची गोष्टही अशीच झाकून ठेवलेली आहे. गॅसवरच्या आपल्या नेहमीच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळे सुमारे १५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला) दाब तयार होतो आणि आतले तापमान १२१ अंशांच्या आसपास जाते. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ पीएसआयच्या दरम्यान चालतात, म्हणजे तापमान त्याहून तीन ते सहा अंशांनी कमीच राहते, आणि हरभरे, राजमा, वाल यांसारख्या कडधान्यांना एवढा फरकही चांगलाच जाणवतो. हे विकताना कोणी सांगत नाही.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो बटणांचा. केक, दही, सूप अशा नावांची बटणे समोर ओळीने मांडलेली आहेत, पण खाली पाणी, त्यावर तुरीच्या डाळीचा डबा, त्यावर भाताचा डबा आणि जागा उरली तर कडेला दोन बटाटे, अशी जी रचना महाराष्ट्रातल्या घरोघरी रोज कुकरला लागते, तिच्यासाठी एकही बटण नाही. भाताचे जे बटण आहे ते तांदूळ थेट भांड्यात शिजवण्यासाठी आहे; डब्यातली डाळ त्यावर अर्धीकच्ची राहते आणि डाळीच्या हिशेबाने वेळ लावली तर भाताचा गोळा होतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिट्ट्या मोजून स्वयंपाक झाला आहे. ‘चार शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक कर आणि पाच मिनिटांनी बंद कर,’ असे आई फोनवर सांगते तेव्हा त्या एका वाक्यात डाळ, पाणी आणि आच या सगळ्यांचा अनुभव असतो. हे यंत्र शिट्टी देत नाही. ठीक आहे, न देवो. पण मग शिट्ट्यांचे मिनिटांत रूपांतर करणारा एखादा तक्ता मराठीत, निदान हिंदीत तरी, खोक्यात घालण्याची जबाबदारी ते इथे विकणाऱ्याची होती. आमच्या खोक्यात निघाल्या त्या चिकन सूप आणि चीजकेकच्या कृती.

फोडणीलाही हे यंत्र अडून बसते. कांदा-खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे, त्यात मसाला घालायचा, पाणी ओतून झाकण लावायचे, ही आपली आमटी-उसळ करण्याची रीत आहे. वाटणाचा थोडासा थर तळाला धरला की खालचा सेन्सर भांडे करपत असल्याचे ठरवतो, यंत्र टुंटुं वाजते आणि तापणे बंद होते. मग दाब उतरेपर्यंत थांबायचे, झाकण उघडायचे, उलथन्याने तळ खरवडायचा, आणखी पाणी घालायचे आणि दाब तयार होण्याची ती सगळी मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. वाफ बाहेर जात नसल्याने ते जास्तीचे पाणी आटतही नाही, आणि शेवटी पातळ रस्सा दुसऱ्या भांड्यात ओतून गॅसवरच आटवावा लागतो.

वीज गेली तर काय होते, ते विचारूच नये. आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते आणि पावसाळ्यात तर कधीही जाते. वीज परत येते तेव्हा आमच्या कुकरला आपण काय शिजवत होतो आणि किती मिनिटे उरली होती यातले काहीही आठवत नाही. आतला दाब उतरून झाकणावरची पिन खाली पडेपर्यंत झाकण उघडत नाही आणि आत डाळ कितपत शिजली हे बाहेरून कळत नाही.

आणि आता रिंग. झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगला हिंग-लसणाचा वास असा बसतो की व्हिनेगरच्या पाण्यात उकळून आणि दिवसभर उन्हात ठेवूनही तो जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी केलेल्या तांदळाच्या खिरीला चक्क आमटीचा वास येतो. गोडासाठी वेगळी रिंग ठेवावी म्हणून मी ती शोधायला निघाले. गॅसवरच्या कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचा स्क्रूसुद्धा कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात हातोहात मिळतो. या कुकरची रिंग तिथे नाही, मोठ्या दुकानात नाही, आणि सेवा केंद्रातल्या माणसाने तर हे मॉडेल आता बंद झाले आहे, नवा कुकर घ्या, असे मला तोंडावर सांगितले. हजारो रुपयांचे, अजून उत्तम तापणारे यंत्र एका रबरी कड्यासाठी भंगारात काढायचे, हे मला मान्य नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणे त्यात मोडते. म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तापण्यापासून झाकण उघडेपर्यंतचा पूर्ण वेळ खोक्यावर छापावा आणि विकलेल्या प्रत्येक मॉडेलची रिंग पुढची काही वर्षे तरी दुकानात मिळावी, एवढ्या दोनच मागण्या मी त्यात लिहिल्या आहेत.