पोर्तुगालचा महापौर ‘थेट’ निवडला जातो, असं सांगणाऱ्यांसाठी

सध्या एक मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: “पोर्तुगालमध्ये संपूर्ण देशात एकाच दिवशी स्थानिक निवडणूक होते. लोक महापौराला थेट मत देतात. महापौर आपली माणसं नेमतो, विरोधकांना कारभारात जागा नसते, म्हणून कामं होतात. राजकीय पक्षांना बंदी आहे. खालची पॅरिश (नगरपालिकेखालचा वस्तीपातळीचा स्तर) चर्च चालवतं. गोव्यातले पोर्तुगीज पासपोर्टवालेही इथून मत देतात. आपल्याकडेही असाच थेट, ताकदवान महापौर हवा.”

यातली एक गोष्ट खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. बाकीच्या चुका एरवी सोडून दिल्या असत्या. पण इथे चुकीच्या माहितीवर एक मागणी उभी केली आहे, आणि पोर्तुगालची खरी व्यवस्था त्या मागणीच्या नेमकी उलटी आहे.

आधी ‘थेट महापौर’. पोर्तुगीज मतदाराच्या हातात एक नव्हे, तीन मतपत्रिका पडतात. हिरवी ‘कामरा मुनिसिपाल’साठी, म्हणजे नगरपालिकेच्या कारभारी मंडळासाठी. पिवळी नगरपालिकेच्या सभेसाठी आणि पांढरी फ्रेगेझियाच्या, म्हणजे पॅरिशच्या सभेसाठी. (अझोरेसमधल्या कोर्वो या चिमुकल्या बेटाच्या नगरपालिकेत फ्रेगेझियाच नाही, त्यामुळे तिथे पांढरी मतपत्रिका नसते.) हिरव्या मतपत्रिकेवर महापौरपदाच्या उमेदवारांची यादी नसते. असतात ती पक्षांची, आघाड्यांची आणि नागरिकांच्या गटांची नावं आणि चिन्हं. मत यादीला जातं. सर्वाधिक मतं मिळालेल्या यादीतलं पहिलं नाव आपोआप कामराचं अध्यक्ष होतं. प्रचारात फलकांवर त्या पहिल्या माणसाचाच चेहरा असतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ही थेट निवडणूक वाटते, हे मान्य. पण फरक कागदापुरता नाही. अंतोनियो कॉस्ता यांचं उदाहरण घ्या. वडिलांकडून त्यांचं कुटुंब मडगावचं, म्हणून गोव्यात त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे. 2007 पासून ते लिस्बनचे महापौर होते. एप्रिल 2015 मध्ये राष्ट्रीय राजकारणासाठी त्यांनी पद सोडलं, तेव्हा पोटनिवडणूक झाली नाही. त्यांच्याच यादीतले पुढचे फर्नांदो मेदिना महापौर झाले. थेट निवडलेला महापौर असता तर लोकांकडे पुन्हा जावं लागलं असतं.

‘विरोधकांना कारभारात जागा नसते’ हा तर सगळ्यात मोठा घोटाळा. कामरामधल्या जागा सर्व याद्यांमध्ये मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. प्रत्येक यादीच्या मतांना 1, 2, 3 असं भागत जायचं आणि सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा द्यायच्या, अशी ही द’ओन्त पद्धत. म्हणजे विरोधक सभागृहात समोरच्या बाकांवर नसतात, ते कारभारी मंडळातच, त्याच टेबलाभोवती बसतात. 10 हजारांपर्यंत मतदार असलेल्या गावात मंडळ 5 जणांचं, पोर्तोमध्ये 13 जणांचं, लिस्बनमध्ये 17 जणांचं.

2021 च्या लिस्बनकडे नीट पाहा. कार्लोस मोएदास यांच्या आघाडीला सुमारे 34 टक्के मतं पडली, मेदिना यांच्या आघाडीला सुमारे 33 टक्के. 17 पैकी दोघांना प्रत्येकी 7 जागा, कम्युनिस्टांच्या आघाडीला 2, ‘डावा गट’ नावाच्या पक्षाला 1. मोएदास महापौर झाले, कारण त्यांची यादी पहिली आली. पण त्यांच्याच मंडळात 10 जण दुसऱ्या याद्यांचे होते. अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायचा तर कुणाला तरी पटवावं लागणार, निदान तटस्थ राहायला तरी लावावं लागणार. कोणतं खातं कुणाला द्यायचं हे महापौर ठरवतो आणि विरोधी सदस्यांना बहुधा खातं मिळत नाही, हे खरं. तरी त्यांच्यासमोर फायली येतात, त्यांना प्रश्न विचारता येतात, त्यांचं मत मोजलं जातं. हा ताकदवान एकटा महापौर नव्हे. बहुमत नसेल तर रोज बोलणी करणारा महापौर आहे. त्यातही कामं होतात, आणि मला तरी ती व्यवस्था जास्त विश्वासाची वाटते.

पक्षबंदीचा मुद्दा लवकर संपवता येतो. बंदी नाही. देशातल्या 308 नगरपालिकांपैकी बहुतेक पक्षांच्याच ताब्यात असतात. मात्र 2001 पासून नागरिकांचे अपक्ष गट सह्या गोळा करून नगरपालिकाही लढवू शकतात, आणि पोर्तोत रुई मोरेरा 2013, 2017 आणि 2021 असे तीनदा अशाच गटातून निवडून आले. चौथ्यांदा ते उभे राहूच शकत नव्हते: 2005 च्या कायद्याने एकाच नगरपालिकेचं किंवा फ्रेगेझियाचं अध्यक्षपद सलग तीन मुदतींपेक्षा जास्त भूषवता येत नाही. आपल्याकडे मागणी करायचीच तर ही करावी, असं मला मनापासून वाटतं.

आता चर्च. फ्रेगेझियाची मुळं चर्चच्या पॅरिशमध्ये आहेत, पण आजची फ्रेगेझिया हा सरकारी व्यवस्थेचा सर्वांत खालचा, लोकनियुक्त स्तर आहे. पाद्रीचा तिच्या कारभाराशी संबंध नाही. अशा 3,200 हून अधिक फ्रेगेझिया आहेत. स्मशानभूमी, छोट्या बागा, कुत्र्याचा परवाना, रहिवासाचा दाखला ही तिची कामं. जिथे 150 किंवा त्याहून कमी मतदार आहेत तिथे सभा निवडतच नाहीत, सगळे मतदार एकत्र बसून निर्णय घेतात. आपल्या ग्रामसभेशी इतकी जवळची गोष्ट त्या मजकुरातून गळावी, याचं वाईट वाटतं. शिवाय प्रत्येक फ्रेगेझियाचा अध्यक्ष नगरपालिकेच्या सभेत पदसिद्ध सदस्य असतो. लिस्बनच्या सभेत 51 सदस्य थेट निवडून येतात आणि 24 फ्रेगेझियांचे 24 अध्यक्ष त्यात बसतात, एकूण 75. वस्तीचा माणूस शहराच्या अर्थसंकल्पावर मत देतो. आपल्या प्रभाग समित्यांना एवढा अधिकार कधी मिळाला?

गोव्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यावरून लोक उगाच कागदपत्रांच्या मागे धावतात. पोर्तुगीज नागरिकत्व आहे पण मतदार म्हणून नोंद परदेशातल्या पत्त्यावर आहे, अशा माणसाला पोर्तुगालच्या संसदेसाठी आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येतं. नगरपालिका आणि फ्रेगेझियासाठी नाही. त्यासाठी पोर्तुगालमध्येच नोंद हवी. आणि भारतीय पासपोर्टवर लिस्बनमध्ये काम करणाऱ्यांना? युरोपीय संघातल्या देशांचे, ब्राझीलचे, केप व्हर्देचे आणि आणखी काही ठराविक देशांचे रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतात. भारत त्या यादीत नाही. रहिवासाचा दाखला काढायला मात्र याच माणसाला जुंतामध्ये, म्हणजे फ्रेगेझियाच्या कार्यालयात जावं लागतं, आणि तिथल्या मतदारयादीतल्या दोघांची साक्ष हा त्याचा एक नेहमीचा मार्ग. जिथे मत नाही त्या कार्यालयावर त्याचं बरंच काही अडतं.

राहिली ती खरी गोष्ट: एकाच दिवशी, वेळेवर. पोटनिवडणुका मधेच होतात (2007 ची कॉस्तांची पहिली निवडणूक तशीच होती, जुलैमध्ये, फक्त लिस्बनपुरती), पण सर्वसाधारण निवडणूक दर 4 वर्षांनी संपूर्ण देशात एकाच दिवशी होते. तारीख सरकार ठरवतं, तरी हवी तेव्हा नाही. मुदत संपण्याच्या वर्षी 22 सप्टेंबर ते 14 ऑक्टोबर या दरम्यानच घ्यायची, आणि किमान 80 दिवस आधी जाहीर करायची, असं कायदा सांगतो. 29 सप्टेंबर 2013, 1 ऑक्टोबर 2017, 26 सप्टेंबर 2021, 12 ऑक्टोबर 2025. यातली 2021 ची तर कोविडच्या काळातली.

मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि 2025 उलटेपर्यंत तिथे प्रशासकच होता. राज्यघटनेचं कलम 243-यू मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यायला सांगतं, तरीही. पोर्तुगालकडे बोट दाखवून सरकारला काही मागायचंच असेल, तर मजकुरातला ‘ताकदवान महापौर’ खोडावा आणि त्या जागी कायद्याने बांधलेली तारीख लिहावी.