गोल मारलेत ना? मग कोच व्हाच!

गुडघा कुरकुरतोय, बूट खुंटीला टांगलेत, आणि अशात एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबच्या मालकाचा फोन आला, तर हो म्हणून मोकळे व्हा. दोनशे गोल मारलेल्या माणसाला उरलेल्या दहा जणांनी कुठे उभं राहायचं ते ठाऊक असतंच. आयुष्यभर मिसळ हाणणाऱ्याला कट काढता येतोच की नाही, तसंच.

फक्त सुरुवात वरूनच करा. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश स्ट्रायकरने, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्या गड्याने, इथेच घोळ घातला. १९६५-६६ मध्ये डनफर्मलिनसाठी लीगमध्ये ३१ गोल मारणारा हा गडी १९७४ मध्ये कोच झाला तो ईस्ट स्टर्लिंगशायरचा; अर्धवेळ, आठवड्याला ४० पौंडांवर. जाऊन बघतो तर संघात गोलकीपरच नाही! असल्या ठिकाणी माणसाला गोलकीपर शोधण्यापासून सगळं स्वतः करावं लागतं, आणि मग ते अंगवळणी पडतं; पुढे मँचेस्टर युनायटेडला वर्षानुवर्षं जिंकवत बसावं लागतं. त्यापेक्षा इटलीचा स्ट्रायकर फिलिपो इन्झागी बघा. २०१४-१५ मध्ये थेट एसी मिलान, संघ दहावा. इथपर्यंत उत्तम. पण पुढे बिचारा वाट चुकला, तिसऱ्या श्रेणीतल्या व्हेनेझियाला गेला, २०१७ मध्ये त्यांना वर आणलं आणि २०२० मध्ये बेनेव्हेंतोला सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल श्रेणीत, पोचवलं.

मुहूर्तही महत्त्वाचा. अ‍ॅलन शिअरर २००९ च्या एप्रिलमध्ये न्यूकॅसलला आला, तेव्हा ८ सामने उरले होते. प्रीमियर लीगमध्ये २६० गोल मारलेल्या माणसाने त्यांतून ५ गुण जमवले आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. पण बुडत्या जहाजावर चढण्यात काय मजा? वेन रूनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम सिटी हाती घेतलं तेव्हा संघ सहावा होता. १५ सामने, २ विजय, आणि ८३ दिवसांत विसावं स्थान. याच रूनीने आधी डर्बी काउंटी क्लबमध्ये २१ गुण कापले गेलेला कंगाल संघ बराच नेटाने चालवला होता, पण ते सोडा, आपल्या मुद्द्याला बाध येतो.

आता सराव. सरावात एकच गोष्ट घ्यायची, फिनिशिंग, म्हणजे गोलवरचा शेवटचा फटका. चौदा खेळाडू रांगेत उभे करा, गोलसमोरच्या बॉक्सच्या टोकावर चेंडू ठेवा आणि एकेकाला शॉट मारायला सांगा. एका शॉटला दहा सेकंद धरले, तर पुन्हा नंबर लागायला दोन मिनिटं वीस सेकंद जातात. म्हणजे अर्ध्या तासात माणशी बारा-तेरा शॉट. अंगावर बचावपटू नाही, पास भलत्या उंचीवर येत नाही, ज्या दाटीवाटीत खरे गोल होतात ती दाटी औषधालाही नाही. काही खुळे कोच याच वेळात छोट्या मैदानात दोन गोलपोस्ट जवळजवळ लावून चार विरुद्ध चार खेळवतात. त्यात शॉटही जास्त होतात आणि शॉटआधी मान वर करून बघायची सवयही लागते. तुम्ही त्या फंदात पडू नका. रांग कंटाळली की पुढे व्हा आणि स्वतः एक व्हॉली वरच्या कोपऱ्यात ठेवा. टाळ्या पडतील. ‘हे कसं केलंत?’ असं कुणी विचारलं तर ‘आतून यावं लागतं’ म्हणा. खोटंही नाही ते; तुम्हाला कधी समजावून सांगायची वेळच आली नव्हती.

शिस्त मात्र हवी. मोनॅकोचा कोच असताना फ्रान्सचा गाजलेला स्ट्रायकर थिएरी हेन्री याने पत्रकार परिषदेतून उठताना खुर्ची आत न सारणाऱ्या १७ वर्षांच्या बादियाशिल या आपल्याच खेळाडूकडे जे बघितलं, ते जगभर गाजलं. खुर्ची जागेवर गेली. २० सामन्यांत विजय ४.

सामन्यात एका गोलने मागे पडलात, की साठाव्या मिनिटाला मध्यफळीतले दोन काढून दोन स्ट्रायकर उतरवा. मैदान ६८ मीटर रुंद असतं. मध्ये उरलेल्या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ३४ मीटर, धावू दे. दोन्ही फुलबॅकही, म्हणजे कडेचे बचावपटूही, वर पाठवा. मग चेंडू हरवला की मागे दोन सेंटरबॅक आणि समोरून सुटलेले तीन गडी, एवढंच चित्र उरतं. खेळ चालू असताना बदल करायला तीनच संधी मिळतात; वरचे दोघंही एकत्र न उतरवता बदल एकेक करून तिन्ही संपवून टाकल्यात तर आणखी बरं. पाच बदली खेळाडूंपैकी दोघं बाकावर बसून सामना निवांत बघतील.

युरोपात नाव खर्चून झालं, तर आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आहेच. फ्रान्सचा स्ट्रायकर निकोला अनेल्का २०१५ मध्ये मुंबई सिटीचा खेळाडू आणि कोच अशा दुहेरी भूमिकेत होता. त्याच मोसमात गोव्यातल्या फातोर्ड्याला एफसी गोवाने त्यांना ७-० ने धुतलं. इंग्लंडचा स्ट्रायकर टेडी शेरिंगहॅम याने कोलकात्याचा गतविजेता संघ एटीके घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये सोडून द्यावा लागला. तिथलाच स्ट्रायकर रॉबी फाउलर याचा ईस्ट बंगाल २०२०-२१ मध्ये गोव्याच्या बायो-बबलमध्ये अकरांत नववा आला. त्याच बबलमध्ये मुंबई सिटीने साखळीत अव्वल येण्याची शील्ड आणि अंतिम सामन्याचा चषक दोन्ही नेले. त्यांचा कोच सर्जिओ लोबेरा. त्याचे गोल कुणाला आठवतात का, विचारून बघा.

नारळ मिळालाच, तर खचू नका. स्टुडिओतला सोफा मऊ असतो. पडद्यावर बचावपटूभोवती लाल गोल काढा, रिप्ले थांबवा आणि मान हलवत म्हणा, ‘इथे याला कुणी सांगितलंच नाही वाटतं.’