मुळांतून नुसती साखर पाझरते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झाडाची मुळं रसायनं सोडून आपल्याला हवे ते जिवाणू निवडतात, असं मी मुळं आणि जिवाणूंवरच्या माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला असा, की मुळांतून साखर पाझरते आणि जिवाणू अन्नाच्या मागे येतात, यात झाडाची निवड कुठून आली? दुसरा जास्त टोकदार आहे: मुळं जिवाणूंना ओढून आणत असतील तर शेतकऱ्याने बियाण्याला लावायच्या रायझोबियम जिवाणूंची पाकिटं विकत का घ्यायची? दोन्हींचं उत्तर एकातच दडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साखर, अमिनो आम्लं मुळांतून पाझरतात हे खरंच. म्हणून तर मुळालगतच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची एवढी दाटी असते. लॉरेंझ हिल्टनर यांनी 1904 मध्ये या पट्ट्याला रायझोस्फिअर म्हटलं. पण अन्नासाठी जमणाऱ्या गर्दीत रोग आणणारेही असतात. सोयाबीनच्या मुळांवर हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठी मात्र ठरावीक जिवाणूच करू शकतात, त्यातला मुख्य ब्रॅडिरायझोबियम. हे साखरेने होत नाही.

सोयाबीनची मुळं जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्यं सोडतात, तीही इतकी थोडी की त्यावर कुणाचं पोट भरणार नाही. जिवाणूतलं एक प्रथिन ती ओळखतं, गाठीची जनुकं चालू होतात आणि जिवाणू उलट स्वतःचं एक रसायन सोडतो. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. ते शुद्ध करून, एकही जिवाणू नसताना मुळाला लावलं तरी मूलरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केस, वाकायला लागतात; गाठीची सुरुवात तिथूनच! जेनिस्टीन, डेडझीन ज्या वर्गातली, ती द्रव्यं बनवणारी जनुकं सोयाबीनच्या मुळात दाबून पाहिली, तेव्हा गाठी फारच कमी आल्या. हा प्रयोग 2006 मधला. निव्वळ पाझर म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल.

निवड पुढेही चालू राहते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या काही गाठींभोवती हवेतल्या नत्राच्या जागी आरगॉन वायू भरला, म्हणजे आतल्या जिवाणूंना नत्र बांधताच येईना. त्या गाठींचा प्राणवायू घटला आणि जिवाणूंची वाढही खुंटली. काम न करणाऱ्याला झाड पोसत बसत नाही.

यात झाडाला मन असण्याची गरज नाही, इथे मी तुमच्याच बाजूने आहे. स्फुरद कमी पडला की ज्वारीची मुळं स्ट्रिगोलॅक्टोन सोडतात, ते मित्रबुरशीसाठी. त्याच द्रव्याने टारफुल्याचं, म्हणजे ज्वारीवर जगणाऱ्या परजीवी तणाचं, बी उगवतं आणि ज्वारीच्याच मुळात घुसतं. द्रव्य मातीत गेलं की ते कोण ओळखेल यावर झाडाचा ताबा नसतो.

आता पाकिटांचं. मुळांचा इशारा काही मिलिमीटरच पोहोचतो, आणि ज्या जिवाणूसाठी तो आहे तो त्या मातीत असावा लागतो. सोयाबीन मूळचं चीनकडचं, आपल्या शिवारात मोठ्या प्रमाणावर आलं ते गेल्या काही दशकांत. ज्या रानात सोयाबीन कधीच घेतलेलं नाही तिथे त्याचा जोडीदार जिवाणू बहुधा नसतोच, म्हणून बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला पाकिटातले जिवाणू लावणं. तूर, मूग, उडीद, चवळीशी जमणारे जिवाणू आपल्या जमिनींत बरेच पसरलेले आहेत, तिथे पाकिटाचा फरक कमी दिसू शकतो. हरभऱ्याचे जिवाणू पुन्हा वेगळे, सोयाबीनचं पाकीट त्याला चालत नाही.

तेव्हा सगळ्यांनी सगळीकडे पाकीट घ्यावं असं मी म्हणणार नाही. फुलोऱ्याच्या सुमारास चार झाडं मुळासकट हलकेच खणून काढा, ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर नत्र बांधलं जातंय. गाठी मोजक्याच असतील किंवा आतून पांढऱ्या असतील, तर पुढच्या पेरणीला बीजप्रक्रिया जरूर करा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू नंतर, आणि बी सावलीत सुकवा. पण त्याआधी युरिया किती टाकला होता ते आठवा. मातीत नत्र भरपूर असलं की झाड स्वतःच गाठी आवरतं, आणि मग पाकीट चांगलं असूनही वाया गेल्यासारखं दिसतं.