मुलांना घेऊन कोकणात निघताय? एवढं सामान घ्याच

सुट्टी लागली की अख्खं पुणं चांदणी चौकातून कोकणात उतरतं, तेव्हा तुम्हीही उतरणारच. गेल्या शनिवारी आम्ही दिवेआगरला निघालो होतो. सकाळचा बराचसा वेळ पिरंगुट बघण्यात गेला, पण सामानाचं ज्ञान मात्र भरपूर मिळालं. ते वाटून टाकते.

ओकारीची गोळी आठवणीने घ्या आणि डिकीत, सगळ्यात खालच्या बॅगेत ठेवा. डॉक्टर म्हणतात, ती निघण्याआधी अर्धा-एक तास द्यायची. आपण पहिल्या ओकारीनंतर द्यावी, म्हणजे दुसऱ्या ओकारीत ती जशीच्या तशी परत मिळते.

दशम्या, आलेपाक वगैरे नको. चॉकलेटचं दूध घ्या. ताम्हिणीच्या वळणांवर ते चांगलं घुसळलं जातं.

कपड्यांचा जादा जोड फक्त मुलांचा घ्या. आई वॉटरप्रूफ असते.

मुलांची सीट घरीच ठेवा, तिथे स्पीकर बसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब म्हणतं, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा नाहीतर त्याची वेगळी सीट हवी, नसेल तर १,००० रुपये दंड. बाळाला बाबांच्या मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला देण्याची हौस त्या मानाने स्वस्तच.

आणि कचऱ्याची पिशवी? चुकूनही घेऊ नका. गाडीच्या काचा खाली होतात त्या कशासाठी? आमच्या पुढे घाटात एक पांढरी गाडी होती, मागे 'बेबी ऑन बोर्ड'चं स्टिकर. डावी काच खाली गेली, बांगड्यांचा हात बाहेर आला आणि बाळाचं डायपर, छान गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून (संस्कार!) आमच्या बॉनेटवर आलं. तिथून वायपरखाली. यांनी घाईघाईत पाणी मारून वायपर फिरवला. डायपर फुटलं. आतलं ते जेल पाणी पिऊन फुगतं, हे आयांना सांगायला नको. काचभर लगदा! धाकटा मागून टाळ्या पिटतोय, "आई, बर्फ!" पुढे वळण, बाजूला दरी, थांबायला जागा नाही, समोरचं काही दिसत नाही. आणि पुसायचं फडकं कुठे, तर डिकीत. सगळ्यात खालच्या बॅगेत.

आता सल्ले पुरे. बाई, तुम्हालाच म्हणतेय. ते अभयारण्य आहे, तुमची मोरी नाही. माझी दोन पोरं मागे बसली होती. यांचा पाय जरा जोरात पडला असता ब्रेकवर, तर मागची बस आमच्यावर होती. स्वतःच्या लेकराची घाण पाच मिनिटं गाडीत ठेवायची किळस वाटते, आणि ती दुसऱ्याच्या काचेवर मारताना काही वाटत नाही? एक काळी पिशवी, तिला गाठ, आणि खाली उतरल्यावर कुठलाही डबा. एवढंच करायचं होतं हो!

माणगावात वडापावच्या गाडीपाशी भेटलातच तुम्ही. आम्ही मागून हॉर्न वाजवत आलो होतो ना, तर तुमचे मिस्टर आमच्या ह्यांना म्हणाले, "काय राव, लहान मुलं असतात गाडीत. घाटात एवढी घाई कशाला?"