आधी साक्षरता, मग मत?

निवडणुका जवळ आल्या की आमच्या महाविद्यालयीन मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक वाद हमखास निघतो. या वेळी तो थेट माझे नाव घेऊन निघाला. एका मित्राचे म्हणणे असे की, १९५२ साली देशातली शेकडा ऐंशीहून अधिक माणसे निरक्षर असताना सरसकट मताधिकार देऊन टाकला, तिथेच सगळे बिघडले. आधी साक्षरता आणि मग मत, असा क्रम हवा होता, आणि निदान आता तरी प्राप्तिकर भरणाऱ्याच्या मताला अधिक वजन द्यावे. दाखला म्हणून त्याने स्वित्झर्लंड पुढे केले आणि ‘तिथे राहणाऱ्याने सांगावे’ म्हणून मला साक्षीला उभे केले. साक्ष द्यायला माझी ना नाही, पण ती त्याच्या उपयोगाची नाही.

मुळात त्याला जे हवे आहे ते आपल्याकडे होऊन गेलेले आहे. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मुंबई प्रांतात १९३७ आणि १९४६ साली ज्या निवडणुका झाल्या, त्यांत मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहूनच मिळत होता आणि बहुतेक प्रौढ माणसे यादीबाहेरच होती. १९५२ ची विधानसभा ही मुंबई राज्याची प्रौढ मताधिकारावर निवडलेली पहिली सभा. त्या राज्यात गुजरातचा मोठा भाग होता, धारवाड, बेळगाव, विजापूर होते, पण विदर्भ आणि मराठवाडा नव्हते. ३१५ जागांपैकी काँग्रेसला २६९ मिळाल्या, शेतकरी कामगार पक्षाला १४ आणि समाजवाद्यांना ९. मित्राच्या मते हा आकडाच मतदार मेंढरे असल्याचा पुरावा आहे: बैलजोडी, म्हणजे काँग्रेसचे तेव्हाचे चिन्ह, दिसली की टाक मत.

त्याच निकालातली एक जागा त्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. आजच्या गुजरातमधल्या बलसाड-चिखली मतदारसंघात खुद्द मोरारजी देसाई पडले. ते बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळातले गृहमंत्री होते, दारूबंदीसाठी गाजत होते आणि खेरांनंतरचे मुख्यमंत्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जात होते. समाजवादी पक्षाच्या अमूल देसाईंनी त्यांना १९ मतांनी हरवले. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नव्हते अशा मतदारांनी राज्यातल्या सर्वांत प्रबळ माणसाला बैलजोडीसकट घरी बसवले. पुढे काय झाले? काँग्रेसच्या शिकल्यासवरल्या आमदारांनी पडलेल्या मोरारजींनाच नेता निवडले, एप्रिल १९५२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि विधानसभेत आले ते नंतरच्या पोटनिवडणुकीतून. कायद्यात ते बसत होते, यात शंका नाही. पण मतदाराने दिलेला कौल बाजूला कोणी सारला, या प्रश्नाचे उत्तर साक्षरतेच्या कोष्टकात सापडणार नाही. आणि ज्या मतदाराला मेंढरू म्हणायचे, त्यानेच पाच वर्षांनी मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याच्या रागात पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवून संयुक्त महाराष्ट्र समितीला निवडून दिले.

आता स्वित्झर्लंड. मी विंटरथूरला राहतो, आणि इथल्या व्यवस्थेचे कौतुक मी स्वतः पुण्यात आल्यावर इतके करतो की घरचे लोक विषय बदलतात. सार्वमताआधी मतदाराच्या घरी मतपत्रिकेच्या पाकिटातून सरकारची लाल पुस्तिका येते, तिच्यात प्रस्तावाच्या दोन्ही बाजू छापलेल्या असतात, शेजारचे म्हातारे आजोबा ती पेन्सिलीने खुणा करत वाचतात आणि मिग्रोस या सुपरमार्केटला जाताजाता मतपत्रिकेचे पाकीट गेमाइंडेच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, पेटीत टाकतात. आपल्याकडच्या प्रचारसभांशी याची तुलना करायचा मोह मलाही आवरत नाही. पण हाच देश शंभर टक्के साक्षर असताना १ फेब्रुवारी १९५९ रोजी इथल्या पुरुषांनी स्त्रियांना मताधिकार द्यायला नकार दिला, आणि नकार देणारे दोन तृतीयांश होते. तो अधिकार मिळायला ७ फेब्रुवारी १९७१ उजाडला. आपेनत्सेल इनररोडन या कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथले घटकराज्य) तर कमरेला तलवारी लावून चौकातल्या मतदानसभेला जमणारे पुरुष १९९० पर्यंत बधले नाहीत, शेवटी संघीय न्यायालयाने त्यांना वाकवले. त्या बायका लिहू-वाचू शकत होत्या, कर भरत होत्या, शाळांतून शिकवत होत्या. साक्षरतेने मताधिकार आपोआप येतो, हे तुझ्या लाडक्या देशाने खोटे पाडले आहे, एवढेच मी गटावर लिहिले. त्यावर ‘तू तिकडे बसून बोलू नकोस’ असे उत्तर आले. साक्षीला बोलावले होते ते विसरून.

१९५२ साली आमची आजी मतदानाला गेली होती. तिचे गाव तेव्हाच्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीत. तिला अक्षरओळख नव्हती आणि ती कधी झालीही नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि हातात नाशिकला छापलेली रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका. शिक्का मारायचा नव्हता, घडी करून हव्या त्या पेटीत सोडायची होती. आजीची अडचण पेटीची नव्हतीच. केंद्रावरच्या अधिकाऱ्याने नवऱ्याचे नाव विचारले आणि ती गप्प उभी राहिली, कारण ते नाव तिने जन्मात घेतले नव्हते. शेवटी मागे उभ्या असलेल्या जाऊबाईंनी ते सांगितले. (तिने तिथे उखाणा घेतला असेही घरात सांगतात, पण ती भर काकांची असावी.) उत्तरेकडच्या राज्यांत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या, ती नावे तशीच ठेवायला निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी साफ नकार दिला होता. आजी यादीत स्वतःच्या नावाने होती. मत कोणाला दिले ते तिने आजोबांनाही सांगितले नाही.

मित्राचा शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणजे डॉ. आंबेडकरांचा पराभव: अडाण्यांनी घटनाकारालाच पाडले. पण ती लोकसभेची जागा उत्तर मुंबईची, शहरातली, आणि त्यांच्याविरुद्ध काँग्रेसपासून कम्युनिस्टांपर्यंत सुशिक्षित पुढाऱ्यांनीच मोर्चेबांधणी केली होती. शिवाय निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, हा समज चुकीचा असल्याचे सांगून प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे करणारे आंबेडकरच होते. त्यांच्या पराभवाचा दाखला त्यांच्याच मागणीविरुद्ध द्यायचा, याला धाडस लागते.

मी इतका चिडतो का, याचे कारण मात्र या इतिहासात नाही. मित्राच्या योजनेत मतदार म्हणून सर्वांत लायक मीच ठरतो: पदवी आहे, कर भरतो, दोन देशांच्या बातम्या वाचतो. ते वाचून क्षणभर बरे वाटले, हे कबूल करायला हवे. प्रत्यक्षात मी कुठेच मत देत नाही. झ्युरिक कँटनमध्ये परदेशी माणसाला मत नाही, आणि इथले नागरिकत्व घेतले तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, म्हणून तो अर्ज भरून झालेला असूनही खणात पडून आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येते, फक्त केंद्रावर स्वतः जावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा मी विमानाचे भाडे पाहिले, रजा मोजली आणि गेलो नाही. निकालाच्या दिवशी मात्र पहाटे उठून सगळे कल पाहिले आणि गटावर मतदारांना चार शब्द सुनावले.

आमच्या मुलीने गेल्या वर्षी स्विस नागरिकत्व घेतले. आता पाकीट घरी येते, पण तिच्या नावाने. लाल पुस्तिका आधी मी वाचून काढतो, जेवणाच्या टेबलावर तिला दोन्ही बाजू समजावतो आणि कोणती बाजू बरोबर तेही सांगतो. ती ऐकून घेते, कार्डावर सही करते आणि बहुधा माझ्या उलट मत देते. निदान चिडवायला तरी तसे सांगते.