कंडक्टरची ढेरी आणि माझं ‘अती प्लॅनिंग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या कमेंटखाली दोन ओळी लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी जुन्या एसटी कंडक्टरचं लाकडी अर्कचित्र (मुद्दाम अतिशयोक्ती करून कोरलेली छोटी आकृती) करतोय, त्याची समोरून आणि बाजूने काढलेली ड्रॉइंग्ज मागच्या पोस्टमध्ये होती. त्यावर यांचं म्हणणं असं की एवढं कागदावर आखून घेतलं तर कला कुठे राहिली, लाकूड हातात घ्यावं आणि ते सांगेल तसं कोरावं, स्वीडनचा लाकूड कोरणारा डोडरहुल्तार्न काय ग्राफपेपर घेऊन बसायचा का? आणि दुसरं, जरा झोंबलं ते, की कष्टाच्या माणसाचं पोट सुटलेलं दाखवून हसणं ही सरळसरळ टिंगल आहे.

आधी टिंगलीचं बघू, कारण मला विचाराल तर पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

प्लॅन न करता अर्कचित्र कोरायला घेतलं की हात कुठे जातो माहितीये? नाकावर. मग कानांवर, मग पोटावर. कंडक्टर असो, भटजी असो नाहीतर हवालदार, सगळे तेच नाक आणि तीच ढेरी घेऊन बाहेर येतात, नुसते कपडे वेगळे. ती खरी टिंगल, कारण त्यात तो माणूस कुठेच नसतो. कंडक्टर म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? मला तरी त्याचं उभं राहणं आठवतं. गाडी वळणावर कलतेय, दोन्ही हात कामात, मग हा बाबा कंबर सीटच्या कडेला टेकवून, पाय फाकवून, एका बाजूला कलून उभा. एका खांद्याला चामडी बॅगेचं ओझं, तो खांदा खाली, म्हणून मान दुसरीकडे. एका हातात पत्र्याची तिकीटपेटी, दुसऱ्यात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, तो दांड्यावर टक-टक वाजवत ‘बोला कोण राहिलं’. अतिशयोक्ती करायची ती ह्या कलण्याची. नाक साधं असलं तरी चालेल, पण कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे हे खऱ्या माणसापेक्षा दुप्पट झालं पाहिजे. आणि हे कोरता कोरता सुचलं तर उपयोग नाही, कारण तोपर्यंत ज्या बाजूला कंबर जायला हवी होती तिथलं लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडलेलं असतं. मातीत चिकटवता येतं हो, लाकडात नाही.

आता ती ढेरी. ती मी हसू यावं म्हणून ठेवलेली नाही, खरं सांगतो. लाकडाचे रेषे (आतले तंतू) पायापासून डोक्याकडे उभे धरायला लागतात, नाहीतर घोट्यात मोडतं. रेषे उभे म्हटल्यावर जे काही पुढे आडवं निघेल, म्हणजे कोपरापासून पुढे आलेला हात, तिकीटपेटी, बोटं, ते सगळं आडव्या रेषांवर येतं आणि टिचकीने तुटतं. ह्यावर दोन उपाय. एक, हात वेगळ्या तुकड्यात, रेषे हाताच्या दिशेने घेऊन कोरायचा आणि खुंटी मारून बसवायचा. दुसरा, हाताला मागून आधार द्यायचा. मी दुसरा घेतला. पेटी पोटावर टेकलीय, मनगट पोटाला चिकटलंय, सगळा एकच गठ्ठा. ढेरी म्हणजे त्या हाताचा टेकू आहे. चिमट्याचा हात वर दांड्याकडे गेलाय, तो उभा, म्हणजे रेषांच्या बाजूनेच, त्यामुळे तिथे टेन्शन नाही. चिमटा मात्र पितळी तारेचा करणार, लाकडात एवढं बारीक टिकत नाही.

आणि पोट पुढे आलं की पाठ मागे जाते, हे फक्त बाजूच्या ड्रॉइंगमध्ये कळतं. समोरून कितीही सुंदर काढा. कानापासून खाली सरळ रेघ ओढायची, ती पावलाच्या बाहेर पडली तर तुमचा कंडक्टर शेल्फवरून तोंडावर पडणार. म्हणून बूट मोठे. लोकांना वाटतं बूट विनोदासाठी.

मापाचंही तसंच. साधारण माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच धरतात, मी ह्याला पाच डोक्यांचा धरलाय. साडेसात इंचाच्या आकृतीला दीड इंचाचं डोकं मिळतं, तेवढ्यात पापणी, मिशी, गालावरची सुरकुती नीट बसते. खऱ्या मापाने गेलो असतो तर डोकं एक इंचाचं झालं असतं आणि मिशीऐवजी डाग आला असता. कमी केलेली उंची बहुतेक पायांतून काढायची, धडातून नाही, नाहीतर माणसाऐवजी लहान मूल दिसायला लागतं. हात मोठे ठेवलेत, पंजा जवळजवळ चेहऱ्याएवढा, कारण ह्याची सगळी कामं हातांची.

‘लाकूड सांगतं’ ह्याबद्दल. झाडाच्या मुळात किंवा वाहून आलेल्या ओंडक्यात ज्यांना गणपती दिसतो, मोर दिसतो, त्यांचं काम मला मनापासून आवडतं, तिथे लाकूड खरंच बोलतं. पण वखारीतून आणलेला, चारी बाजूंनी रंधलेला शिवण झाडाच्या लाकडाचा चौकोनी ठोकळा काय बोलणार? तो फक्त रेषे कुठे चाललेत तेवढं सांगतो, ते मी निमूट ऐकतो. (सागवान का नाही असं मागे कोणीतरी विचारलं होतं. त्याचे पट्टे इतके ठळक की चेहऱ्यावरची बारीक खोदणी त्यात हरवते. अमेरिकेतली मंडळी बासवूड नावाचं लाकूड वापरतात ते त्याला जवळपास पट्टेच नसतात म्हणून.)

डोडरहुल्तार्नचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, मी त्याचा भक्तच आहे. खरं नाव आक्सेल पेटरसन, १८६८ ते १९२५, स्वीडनमध्ये ओस्कर्सहामनला त्याच्या कामाचं म्युझियम आहे. त्याची ती शेतकरी माणसं, चाकूच्या सपाट घावांची, पॉलिशपेपर न लावलेली, बघताना वाटतं पटापट उडवलीत. पण एकदा त्यांचे पाय बघा. त्याने कोरलेल्या अंत्यविधीच्या देखाव्यातला प्रत्येक जण वेगळा उभा आहे. हा माणूस आयुष्यभर त्याच गावाकडच्या लोकांना आणि घोड्यांना कोरत राहिला, ती माणसं त्याच्या हातात मुरलेली होती. तेवढी माझ्या हातात मुरली की मीही कागद सोडीन, तोपर्यंत कार्बन पेपर झिंदाबाद.

आणि दुसरं टोक पण बघा. १९९० मध्ये कॅरिकेचर कार्व्हर्स ऑफ अमेरिका म्हणून अर्कचित्रं कोरणाऱ्यांचा ग्रुप झाला, ते लोक मिळून अख्खी सर्कस, अख्खा दारूचा गुत्ता असे देखावे करतात. प्रत्येकाची आकृती वेगळ्या हातची. माप आधी ठरलं नाही तर एकाचा गिऱ्हाईक दुसऱ्याच्या टेबलापेक्षा उंच. तरी प्रत्येकाची शैली ओळखू येते बरं का, प्लॅनने ती कुणाची मारली नाही.

उलट मला तर आखून घेतल्यावरच मोकळं वाटतं. बाजूचं ड्रॉइंग ठोकळ्यावर उतरवायचं, ओळखीच्या सुताराकडे बॅन्डसॉवर (पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर) कापून घ्यायचं, निघालेले तुकडे परत टेपने जागेवर चिकटवायचे म्हणजे ठोकळा पुन्हा चौकोनी होतो, मग समोरचं ड्रॉइंग कापायचं. टेप काढली की आत माणूस ढोबळ उभा असतो, कलण्यासकट. मग चाकू घेतल्यावर डोक्याला एकच काम, चेहरा. तिथे मी काहीच ठरवत नाही. तो वैतागलेला आहे की सुट्ट्या पैशांवरून आत्ताच कुणाशी भांडून आलाय, हे त्या दीड इंचात कोरताना ठरतं. म्हणजे तुम्ही म्हणता ते ‘उत्स्फूर्त’ आहेच, फक्त मी ते कमरेत न ठेवता भुवईत ठेवलंय.

ढेरीबद्दल एक मात्र तुमचं घेतो. पट्टा पोटाच्या खाली काढला होता, तो वर, बेंबीवर आणतो. खाली असला की माणूस ऐदी दिसतो, वर असला की ड्यूटीवर दिसतो. बाजूच्या ड्रॉइंगमध्ये एक रेघ खोडायची आहे, लाकूड अजून कापलेलं नाही.

शेवटी तुम्ही डोळ्यांचं विचारलंय, रंगवता की कोरता. दोन्ही. पापण्या आणि डोळ्याचे कोपरे व्ही-टूलने (V आकाराच्या धारेच्या पटाशीने) कोरायचे, बुबुळ रंगाने. अॅक्रिलिक चहाच्या पाण्याइतकं पातळ करून लावायचं म्हणजे चाकूचे घाव दिसत राहतात, आणि सगळं वाळल्यावर बुबुळावर टाचणीच्या टोकाने पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. खाकी शर्टासाठी मात्र बाटलीतला खाकी घेऊ नका, फार हिरवा निघतो, रॉ सिएनात (पिवळसर तपकिरी रंगात) किंचित काळा घाला.